ऑलिव्हला जूनपर्यंत मुदत

आर्या, निहार, तुमच्या मालूआत्या-आजी, म्हणजे माझ्या नणंदबाई, मे महिन्यात गेल्या. आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, सुहासला सांगा, जूनपर्यंत करवत लावायची नाही." स्वतःबद्दल एक शब्द नाही...

आमच्या इथल्या, सरे शहरातल्या घरामागे त्यांनी ऑलिव्हचं रोप लावलं, तेव्हा तुमचा सुहासकाका खूप हसला होता. इथल्या पावसाचिखलात ऑलिव्ह कसलं जगतंय! वन्संनी आयुष्यभर कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. झाड कितीतरी हिवाळे छान राहिलं. थंडी हळूहळू वाढत गेली की ते आतून तयारी करतं, पेशींत साखर साठवतं, असं त्या सांगत. गेल्या डिसेंबरात मात्र पारा असा एकदम उतरला, की त्याला सावध व्हायला वेळच मिळाला नाही.

त्याच आठवड्यात गॅरेजमधली ऑलिव्ह तेलाची बाटली पांढरी, घट्ट झाली. डालड्याची भेसळ आहे, परत करू या, असं मी ठामपणे म्हटलं. वन्सं हसल्या. "खोबरेल थिजलं की त्यात भेसळ शोधता का हो?" ओट्यावर ठेवलेली बाटली संध्याकाळपर्यंत पुन्हा सोनेरी, नितळ. मी तिच्याकडे बघतच राहिले.

झाड मात्र तसं परतलं नाही. पानं तपकिरी झाली, खोडाची साल उभी फाटली. इथल्या ऑलिम्पिकला तुम्ही राहायला येणार, म्हणून बेसमेंट रिकामं करून तिथलं सामान ठेवायला सुहासला झाडाच्या जागी शेड बांधायची होती. लाकूड मेलंय, आत्या, असं त्यानं सांगितलं.

"लाकूड मेलं असेल. झाडाचं जूनमध्ये बघू."

त्यांचं स्वतःचं दुखणं तेव्हा नुकतंच कळलं होतं.

जून लागला. एका शनिवारी सुहास करवत घेऊन मागे गेला आणि बराच वेळ आवाजच येईना. जाऊन बघते तर तो गुडघ्यांवर बसलेला. वाळल्या खोडाच्या बुंध्याशी, मातीतून, चंदेरी-हिरव्या कोंबांचं दाट कडं उगवलं होतं. एवढ्या थंडीत, बर्फाखाली, हे सारं कुठे होतं? मला अजून उमगत नाही...

"आई, नव्या खोडासाठी यातला कुठला ठेवायचा?" त्यानं हळूच विचारलं. सांगायला वन्सं नव्हत्या.

"यंदा सगळे राहू देत," मी म्हटलं.

करवत बाजूला ठेवून तो शेडची जागा आखायला बांधलेल्या दोऱ्या सोडायला लागला.