तिला न आठवलेली तारीख

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुज्या म्हणायचे. तो आमचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर नाटकाची वही ठेवून, तीस वर्षं त्यानं आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवली. मी कुठे अडखळणार, हे माझ्याआधी त्याला कळायचं. टाळ्या आम्ही घेतल्या. त्याचं तोंडही प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही.

कंपनी बंद पडल्यावर तो निर्वासितांच्या कचेरीत दुभाषी झाला. सीमेपलीकडची भाषा त्याला आईकडून आलेली. तिथला नियम एकच: समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

एका दुपारी तो माझ्या दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"ताई, घात झाला."

"अरे, आधी बस. पाणी पी."

अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मग तो बोलायला लागला. आश्रय मागायला आलेल्या एका शिक्षिकेची त्या सकाळी सुनावणी होती. तिच्या नवऱ्याला शिपायांनी घरातून नेलं, तो परतला नाही. शिपायांच्या यादीत पुढचं नाव तिचं होतं. साहेबांनी विचारलं, नवऱ्याला कोणत्या तारखेला नेलं? पहिल्या जबाबात तिनं ती सांगितली होती. आज मात्र तिचे ओठ नुसते हलले. आवाजच फुटेना. कुजबुज्यानं सकाळीच तिचे कागद वाचले होते. त्याच्या तोंडून, तिच्या भाषेत, हळूच निघून गेलं, "नऊ तारीख." तिनं तेच म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. "काय सांगितलंत तिला?"

"प्रश्नच पुन्हा सांगितला," हा खोटं बोलला. टेबलावर रेकॉर्डर चालू होता.

"ते सगळं कोण ऐकत बसतंय रे?" मी म्हटलं.

"वरचे ऐकतात. कधी ऐकतात, कधी नाही. ऐकलं तर म्हणतील, बाई पढवलेली, सगळाच जबाब खोटा. मग सीमेपलीकडे रवानगी."

"आणि तू आपणहून सांगितलंस तर?"

"माझं काम जाईल. तिला कदाचित पुन्हा संधी मिळेल." तो पेला खाली ठेवून म्हणाला, "ताई, या देशाला तिच्याशी बोलायला माझंच एक तोंड होतं. त्यानंच घोळ घातला."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत कचेरीत गेले. त्यानं साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेब चिडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. शांतपणे त्यांनी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं.

"नवऱ्याला नेल्याची तारीख कुणी विसरतं का हो?"

"विसरतं, साहेब. शंभर प्रयोग केलेली माणसं माझ्यासमोर पाठ वाक्यं विसरली आहेत. या ताईंनाच विचारा. तिथे फार तर लोक हसले असते. इथे ती जिवासाठी बोलत होती. घाबरली म्हणून विसरली, एवढं माझ्या नावानं लिहा. दारात आलेल्या माणसाला ठेवून घ्यायचं की नाही, हे आपण एका तारखेवर ठरवणार का?"

साहेबांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते दिसलं नाही. "आत्ताच पुन्हा सुनावणी घेऊ. दुभाषी दुसरा, फोनवरून."

आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या मागच्या इमारतीतून शिक्षिकेला आणलं. दाराशी कुजबुज्या तिच्याशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलला. त्यांचा अर्थ त्यानं मला नंतर सांगितला.

"माझी चूक मी सांगून टाकली. आत मी नसेन."

"मग मला परत पाठवतील?"

"माहीत नाही."

ती आत गेली. दार लागलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. आतून फोनवरच्या परक्या माणसाचा प्रश्न ऐकू आला. "तारीखच विचारतोय," कुजबुज्या पुटपुटला, आणि उत्तर ओठांवर येण्याआधी त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला.