साखरेच्या पाण्यातले खडू

गिरणीच्या संपानंतर वडील घाटकोपरच्या आमच्या चाळीत दिवसभर नुसते बसून असायचे, तेव्हाची ही गोष्ट. मला चित्रकार व्हायचं होतं. त्यांनी मला चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमाला घातलं. "चित्रं कोण विकत घेतंय गं? शाळेत चिकटलीस की मी सुटलो," म्हणाले. मी रडले आणि गेले. वर्गात बहुतेक सगळे असेच, दुसरीकडे जायचं राहून तिथे आलेले. स्वतःला शिक्षक म्हणताना जीभ अडखळायची.

शेवटचा पाठ मुलुंडच्या एका शाळेत, सहावीच्या वर्गावर होता. मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक. हा पाठ फसला की डिप्लोमा लांबणार, आणि घर तर माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं. विषय होता स्मरणचित्र, बाजाराचं. रीत अशी, की शिकवणाऱ्याने आधी फळ्यावर काढून दाखवायचं आणि मग पुसून टाकायचं, म्हणजे मुलं आपापल्या आठवणीतला बाजार काढतात.

पुसण्यासाठी चित्र काढायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. त्यातून परीक्षकांना दाखवायचं होतं, की ही मुलगी नुसती मास्तरीण नाही. म्हणून रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून नेले. त्यानं रंग उठून दिसतो. गॅदरिंगचे फळे आम्ही तसेच सजवायचो. मी मासळीबाजार काढला. हिरव्या लुगड्यातली कोळीण, पुढ्यात पापलेटं. "झकास ना!" कुणीतरी ओरडलं. कित्येक महिन्यांनी मला बरं वाटलं.

मग डस्टर उचललं. कोळीण हलेना. साखरेनं रंग फळ्याला घट्ट धरला होता, आणि गॅदरिंगचा फळा पुसायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. डस्टरने घासलं, पदराने घासलं. मुलं आधी हसली, मग मान खाली घालून तीच कोळीण काढू लागली. कुणाच्या कागदावर भाजीवाला नाही, फुलवाली नाही. वर्गभर एकच बाई.

"चित्र छान आहे," परीक्षक उठताना म्हणाले. "पण मुलांना काढायला तुम्ही काही ठेवलं नाहीत. पाठ पुन्हा घ्यावा लागेल." आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. ते निघून गेले आणि घरी काय सांगायचं, याचा विचार करत मी खडू गोळा करू लागले.

पुढचा तास गणिताचा. सर आत आले, फळा बघून वैतागले. मला ते ओळखत नव्हते.

"ओ ड्रॉइंगच्या बाई! हे काय करून ठेवलंय? आधी साफ करून द्या!"

तोवर मला कुणी बाई म्हटलं नव्हतं. लोक मला चित्रकार म्हणतील अशी स्वप्नं मी पाहिली होती, आणि हाक आली ती ही, अंगावर खेकसून. मागे वळून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं.

"हो सर," म्हणाले आणि बादली आणायला गेले.