मावशीची मापांची वही

मावशी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवते आणि प्रत्येकीचं माप वहीत लिहून ठेवते. वयस्कर गिऱ्हाइकांची खांद्यापासून घोट्यापर्यंतची लांबी दरवेळी थोडी कमी भरली, की ती टेपच्या नावानं बोटं मोडायची. ‘मेली ताणलीय!’ म्हणत तिनं तीन टेप केरात टाकल्या.

परवा शेजारच्या निवृत्त शिक्षिका हात गळ्यात बांधून आल्या. न्हाणीत पाय घसरला आणि एवढ्याशा पडण्यानं खांदा मोडला. बाही उसवून हवी होती.

‘डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. माझी पाळी लवकर गेली, दम्यासाठी कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या, मागे मनगटही मोडलं होतं. वर विचारतात, उंची कमी झालीय का? आता मला काय ठाऊक!’

मावशी ताडकन उठली. ‘मला ठाऊक आहे ना!’ तिनं वहीतलं पान काढलं. दहा वर्षांत पावणेदोन इंच कमी! ‘अगं बाई, टेप बरोबर होती, मीच येडी!’ मग माझ्याकडे वळली. ‘फोन लाव! साठीपुढच्या सगळ्यांना बोलाव. जिचं माप कमी भरेल, तिला तडक डॉक्टरकडे धाडू!’

तेवढ्यात बाईंनी बऱ्या हातानं टेप उचलली. ‘आधी तू उभी राहा. तुझं पान काढ.’

पान नव्हतंच. मावशीनं खाली पाहिलं. वर्षभर तिचा गाऊन जमिनीवर लोळत होता आणि ती कापडाला शिव्या घालत होती.