बाजारातलं गाणं

इथल्या, इंग्लंडातल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी मी लेकीचं नाव तिला न विचारताच देऊन टाकलं होतं. ती तेव्हा तेहतीस वर्षांची, कार्डिफला फिजिओथेरपिस्ट, आणि सोळाव्या वर्षापासून चारचौघांत एक ओळही गायली नव्हती. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "या वर्षी तरी गाऊ दे की तिला," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाईल की, न गायला काय झालं!" पत्रिका छापायला जायला चार दिवस होते.

आता तिला सांगायचं कसं? सरळ विचारण्याची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून नॉटिंगहॅमला लागलेल्या एका फ्रेंच ऑपेराची शनिवारच्या मॅटिनीची दोन तिकिटं काढली आणि तिला बोलावून घेतलं. गाणं ऐकून मन जरा मऊ झालं की इंटरव्हलमध्ये विषय काढायचा, असा बेत. तीस वर्षं हॉस्पिटलात लोकांना भूल देण्याचं काम केलं. आधी गुंगी, मग सुरी, हा क्रम अंगात मुरलेला.

हा ऑपेरा आपल्या देशात घडतो, म्हणजे तसं त्यांचं म्हणणं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला पूर्वेकडच्या गोष्टींचं वेड होतं. संगीत देणाऱ्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवासवर्णनांच्या आधारावर मंडळींनी देऊळ, कमळं, बाजार सगळं उभं केलं. नायिकेचं नाव म्हणजे आपली लक्ष्मीच, फ्रेंच जिभेला सोसेल अशी. बाप ब्राह्मण पुजारी, इंग्रजांवर दात खाऊन असलेला. मुलगी दासीबरोबर नदीवर फुलं तोडायला निघते, तेव्हा दोघी जे गातात ते विमानाच्या एका जाहिरातीमुळे इथे सगळ्यांच्या कानांवरून गेलेलं आहे. मग एक इंग्रज अधिकारी कुंपण मोडून बागेत घुसतो आणि व्हायचं ते होतं.

पुजाऱ्याच्या कपाळावर आडवं भस्म आणि त्यावरच उभं गंध पाहून मी लेकीच्या कानात म्हटलं, "शैव की वैष्णव, एकदा काय ते ठरवा म्हणावं." ती हसली. बेत जमतोय असं मला वाटलं.

दुसऱ्या अंकात बाजार भरतो. बागेत घुसलेला माणूस कोण, हे पुजाऱ्याला ठाऊक नाही. पण मुलीचा आवाज ऐकल्यावर तो लपून राहू शकणार नाही, एवढं त्याला कळतं. म्हणून तो भिकाऱ्याचं सोंग घेतो, तिला भर बाजारात उभी करतो आणि गायला लावतो. या गाण्यात शब्द थोडे आणि घंटेसारखे वरचे सूरच फार. गाणारीची परीक्षाच असते. ती गाते, कोणी पुढे येत नाही. बाप म्हणतो, गा. ती पुन्हा गाते. आणखी गा. तिचा आवाज फुटायला लागतो, आणि त्याचं तिच्याकडे लक्षच नाही. तो गर्दीतला एकेक चेहरा धुंडाळतोय. शेवटी ती कोसळायला येते, इंग्रज धावतो आणि सापडतो.

मी खुर्चीत सावरून बसलो. आठव्या वर्षापासून दर गणपतीत मी तिला स्टेजवर चढवलं होतं. पाहुणे जेवायला आले, की पानं वाढायच्या आत, "ये गं, काकांना गाऊन दाखव." सोळाव्या वर्षी तिचा घसा बसला होता, तरी मी ऐकलं नाही. वरच्या सुराला आवाज चिरकला, लोक हसले. लोकांबरोबर मीही हसलो. त्यानंतर ती गायली नाही.

इंटरव्हलमध्ये आइस्क्रीमचे छोटे डबे घेऊन आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो. मला लाज वाटत होती. बेत बाजूला ठेवून मी सगळं सांगून टाकलं.

"आय न्यू, बाबा," ती म्हणाली. "सेक्रेटरी काकांनी मला व्हॉट्सॲपवर काँग्रॅट्स पाठवला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी वेट करत होते. तुम्ही मला विचारता का ते."

मी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला आणि नाव काढायला सांगितलं. ते नाराज झाले. त्यांची समजूत काढायचं माझ्या जिवावर आलं.

तिसऱ्या अंकात, पुजाऱ्याच्या सुरीतून वाचून मुलीबरोबर जंगलात लपलेल्या इंग्रजाला आपल्या पलटणीची आठवण येते, आणि ते ओळखून मुलगी धोतऱ्याचं पान खाऊन मरते. मरण्यापूर्वी बराच वेळ गाते. धोतऱ्याने आधी तोंड कोरडं पडतं, सूर कसला निघतोय! हे मी लेकीला सांगितलं नाही.

नाटकगृहातून स्टेशनकडे चालताना मी विचारलं, "त्या दिवशी आवाज चिरकला, लोक हसले, म्हणून गाणं सोडलंस ना?"

"नाही. आवाज तर सगळ्यांचा ब्रेक होतो," ती म्हणाली. "तुम्ही फर्स्ट रोमध्ये बसायचे. मी तुमच्याकडे बघून गायचे. आणि तुम्ही ऑलवेज मागे वळून लोकांचे फेसेस बघायचे. त्या दिवशी पण." मग तिने विचारलं, "मी काय गात होते तेव्हा, बाबा?"

ती भांडायला म्हणून विचारत नव्हती. तिला खरंच ऐकायचं होतं. त्या हॉलमध्ये पहिल्या तीन रांगांत कोण कुठे बसलं होतं, कोण आधी हसलं, कोणी तोंडाला पदर लावला, हे मी आजही बिनचूक सांगेन. गाणं कोणतं होतं, ते मला सांगता आलं नाही.