मेन लिफ्टमधली प्रेमकहाणी

आईने एका घरात अकरा वर्षं काम केलं. त्या घराचा पुढचा जिना ती एकदाही चढली नाही.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरजवळची सरकारी क्वार्टर्स. साहेब दुसऱ्या मजल्यावर, आम्ही मागच्या सर्व्हंट क्वार्टरमध्ये. एका खोलीत पाच जण. भाडं नाही, त्याबदल्यात आईने साहेबांकडची धुणीभांडी आणि स्वयंपाक करायचा. मागे लोखंडी जिना होता, गोल फिरत वर जाणारा. पावसात निसरडा व्हायचा. सातव्या महिन्यात आई त्यावरून पडली. ते बाळ राहिलं नाही. बाईसाहेबांनी फळं पाठवली. ‘आता पुढच्या जिन्याने येत जा’ असं मात्र कुणी म्हणालं नाही. आईनेही विचारलं नाही.

हे आधी सांगते, कारण पुढे मी कुणावर ओरडले ते सांगायचं आहे.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. सिनेमात स्क्रिप्ट सुपरव्हायझर आहे. म्हणजे सेटवर मॉनिटरशेजारी वही घेऊन बसणारी बाई. एका शॉटमध्ये हिरोइनची पिशवी डाव्या खांद्यावर असेल तर पुढच्या शॉटमध्ये ती उजव्या खांद्यावर जाता कामा नये. याला कंटिन्युइटी म्हणतात. चुका पकडायचा मला पगार मिळतो.

त्या वेळी एका जुन्या मराठी कादंबरीवर हिंदी सिनेमा चालला होता. कादंबरीत वकिलाचा मुलगा आणि त्यांच्या स्वयंपाकीणबाईची मुलगी. तिला बंगल्यात फक्त मागच्या दाराने येता येतं. एके दिवशी तो मुद्दाम त्या दाराने बाहेर पडतो. सगळी कादंबरी त्या दारावर उभी आहे. आमचे डायरेक्टर अद्वैत सर, मूळचे पुण्याचे, शिकले परदेशात. त्यांनी गोष्ट आजच्या गुडगावात आणली. वकिलाचा बिल्डर झाला, बंगल्याचा एकोणिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट झाला. इथवर ठीक. पण मागचं दार गायब झालं. सीन सतरा: दोघं सोसायटीच्या मेन लिफ्टमध्ये अडकतात आणि प्रेमात पडतात.

नोएडाच्या ऑफिसात स्क्रिप्ट वाचून झाल्यावर मी हात वर केला.

“सर, ती या लिफ्टमध्ये आलीच कशी?”

“म्हणजे? बटण दाबून आली, यार.”

“कुकची मुलगी, आईचा डबा घेऊन आलेली. तिला सर्व्हिस लिफ्टने पाठवतात. मेन लिफ्टमध्ये घेत नाहीत.”

अद्वैत सर हसले. “अगं वैशाली, लव्हस्टोरी आहे ही. सोसायटीचं सर्क्युलर नाही. आता कोण पाळतं हे सगळं?”

टेबलाभोवती सात माणसं होती. सातही जण अशाच सोसायट्यांत राहणारी. एकालाही आपली बाई रोज कुठल्या लिफ्टने येते हे सांगता आलं नाही. मी वहीत ‘लिफ्ट?’ असं लिहिलं आणि गप्प बसले.

शूटिंग खऱ्या सोसायटीत होतं. पहिल्याच दिवशी सेक्रेटरींनी पास वाटले. हिरवा पास मेन लिफ्टचा, लाल पास सर्व्हिसचा. लाइटवाले, स्पॉटवाले, मेकअपच्या मुली, सगळे लाल. ॲक्टर, डायरेक्टर आणि मॉनिटरजवळ बसणारे हिरवे. लॉबीत बोर्ड होता: मेड, ड्रायव्हर, डिलिव्हरी आणि पाळीव प्राण्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. मला हिरवा पास मिळाला. चार दिवस मी त्याच लिफ्टने वर गेले. आरसा होता, एसी होता. मीही काही बोलले नाही, हेही लिहून ठेवते.

पाचव्या दिवशी सीन सतरा.

आमची हिरोइन तन्वी, नाटकातून आलेली नवी मुलगी. कॉस्च्यूमवाल्यांनी सरोजिनी मार्केटमधूनच तिचा सलवार-कुर्ता आणला होता, तोही चार वेळा धुऊन विटवलेला. तेल लावलेली वेणी, हातात कापडी पिशवीत डबा. पास व्हॅनमध्येच राहिला. ती लॉबीत आली आणि मेन लिफ्टचं बटण दाबलं.

“ए लड़की! उधर से।” त्या दिवशीच लॉबीच्या ड्यूटीवर आलेल्या गार्डने हाताने मागची बाजू दाखवली. “ये लिफ्ट तुम्हारे लिए नहीं है।”

तन्वीला वाटलं तो गंमत करतोय. ती आत शिरायला लागली. त्याने दारात काठी आडवी धरली. तिला हात लावला नाही, पण काठी हलवलीही नाही.

मग गोंधळ. प्रॉडक्शनचा माणूस धावला, “दिखता नहीं, हिरोइन है!” अद्वैत सर रागाने लाल झाले. सेक्रेटरी चपला फटफटत खाली आले. “सॉरी सर, बहुत सॉरी. इसको आज ही हटाते हैं।”

गार्डचं नाव दिनेशजी. पन्नाशीचे, बिहारकडचे. सेक्रेटरींना बोलायची त्यांची हिंमत नव्हती. म्हणून ते माझ्याकडे वळले. “मैडम, बोर्ड पे लिखा है। हमने तो वही किया।”

“बरोबर केलंय यांनी,” मी म्हणाले.

अद्वैत सरांनी वळून पाहिलं. “तू मध्ये पडू नको. कंटिन्युइटी बघ.”

“तीच बघतेय सर. माझं कामच ते आहे.” माझा आवाज चढला. “यांना काढणार? कशासाठी? तुमच्या हिरोइनला यांनी एका नजरेत ओळखलं. तुम्हाला सात ड्राफ्टमध्ये ती ओळखता आली नाही. चुकलाय तुमचा सीन. हा माणूस नाही चुकला.”

“वैशाली, ओरडू नकोस.”

“ओरडणार. ऑफिसात हळू सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही हसलात. पाच दिवस या बोर्डासमोरून जाताय. अर्धं युनिट मागून वर येतंय. आणि इथे आपण गरीब-श्रीमंतांच्या प्रेमाचा सिनेमा करतोय! माझी आई मागच्या जिन्यावरून पडली होती, सर. पुढचा जिना दहा पावलांवर होता.”

माझी नोकरी गेली असं मी धरून चालले होते. तन्वी दिनेशजींकडे वळली. “भैया, सर्व्हिस लिफ्ट किधर है?”

ती गेली. मिनिटभराने अद्वैत सरही तिच्यामागे गेले. ती लिफ्ट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. प्लायवूडच्या भिंती, त्यावर ओरखडे, कोपऱ्यात कचऱ्याच्या पिशव्या, बंद पंखा. एक बाई मालकांचा कुत्रा घेऊन उभी होती.

परत आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “आधीचं किती री-शूट करावं लागेल?”

वही माझ्याकडेच होती. “दोन शॉट्स. ती मेन लॉबीतून आत येते तो, आणि हिरो तिला पुढच्या दारातून निरोप देतो तो. बाकी सगळं जुळतं.”

“आणि तो सर्व्हिस लिफ्टमध्ये का येईल?”

“कादंबरीत का येतो, सर? मुद्दाम.”

लाइट मागच्या बाजूला न्या, असं त्यांनी ओरडून सांगितलं. मी सेक्रेटरींसमोर जाऊन उभी राहिले. दिनेशजी राहणार असतील तरच शूटिंग इथे चालू राहील, असं सरांच्या वतीने सांगितलं. सरांना मी विचारलं नव्हतं. त्यांनी ऐकलं, पण खोडलं नाही. तेवढं पुरेसं होतं.

माफी मात्र कुणी मागितली नाही, ना दिनेशजींची, ना माझी. नंतरच्या मुलाखतींत अद्वैत सर सांगायचे, लोकेशनवर फिरताना त्यांना सर्व्हिस लिफ्टची कल्पना ‘सुचली’. तो राग अजून आहे. सोसायटीतला बोर्डही अजून तिथेच आहे.

मी यातून एकच शिकले: हळू सांगितलेली चूक लोक सूचना समजतात. आता मी पहिल्याच मीटिंगला मोठ्याने सांगते.

सीन सतरा सर्व्हिस लिफ्टमध्ये शूट झाला आणि सिनेमात तसाच राहिला. दिनेशजींची नोकरी टिकली. आईला मी, आता आम्ही राहतो त्या मयूर विहारहून, मेट्रोने मॉलमध्ये नेऊन तो सिनेमा दाखवला. शेवटी माझं नाव येईपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. आमच्या घरातलं पडद्यावर आलेलं ते पहिलं नाव.