चाचींनी शटर उघडं ठेवलं

लग्नाआधी मी भिवंडीतल्या एका दूध डेअरीत काउंटरवर होते. मालकीणबाई कोकणी मुसलमान. नवरा वारल्यावर दुकान त्यांनी एकटीनं सांभाळलं. सगळा मोहल्ला त्यांना चाची म्हणायचा, मीही.

उन्हाळ्यात एका दुपारी काल्हेरहून एका बाईचा फोन आला. आमची रबडी खाऊन तिच्या दोन्ही मुलांना उलट्या लागल्या होत्या, त्यांना तिथल्या दवाखान्यात नेलं होतं. तो ठेवते तोच दुसरा फोन, तीच तक्रार. चाचींनी चमचाभर रबडी जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. फ्रीज उघडला तर आत कोमट. तो कधी बंद पडला, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं होतं की या डेअरीच्या दुधातच विष आहे. चाचींचे दीर घाईघाईनं आले.

"भाभी, शटर पाडा. थोडे दिन चुप बैठो. लोक विसरतात."

"शटर पाडलं तर म्हणतील, पळाली," चाची म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "फोनमध्ये माझा आवाज भर."

"नीट लिहून देऊ का? वाचून दाखवा."

"नको. माझं बोलणं लोकांच्या ओळखीचं हाय."

मग फोन तोंडाशी धरून त्या बोलल्या, "मी डेअरीवाली चाची. आज आमची रबडी खराब निघालीय. फ्रीज बंद पडला, ते बघायचं काम माझं होतं. घरात असेल तर फेकून द्या. कुणाला त्रास होत असेल तर डॉक्टरकडे न्या आणि मला कळवा, मी येते." तेच पुन्हा हिंदीत. लाइटवाल्यांना दोष नाही की 'गैरसमज' हा शब्द नाही. मी तो मेसेज मिळेल त्या ग्रुपवर टाकला.

विक्री थांबवून त्यांनी दिरांना गल्ल्यावर बसवलं. "जो येईल त्याचं ऐकून घ्या. उलट बोलू नका." आणि मला घेऊन रिक्षानं काल्हेरचा दवाखाना गाठला.

मुलांचे वडील गोदामातली ड्युटी सोडून आले होते. आम्हाला बघताच ओरडले, "पोरांना काय झालं असतं म्हणजे?"

"तुमचं खरं हाय. चूक माझी हाय," चाची म्हणाल्या.

ते भांडायच्या तयारीत होते. शेवटी त्यांनीच खुर्ची पुढे सरकवली. मुलं उठून बसेपर्यंत चाची तिथून हलल्या नाहीत.

परतलो तेव्हा दीर घामाघूम झालेले. "इतक्या शिव्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूध न्यायला लोक आले. नेहमीपेक्षा कमी, तरी आले. महिन्याभरात काउंटरवर पूर्वीसारखी गर्दी झाली. काल्हेरचे ते वडीलही एकदा मुलांना घेऊन आले.

एक जुने गिऱ्हाईक मात्र कायमचे तुटले. ते दुकानावरून मान वळवून जायचे. चाची तरीही रोज त्यांना सलाम करायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "ते बघतसुद्धा नाहीत."

"त्यांचा हक हाय," चाची म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचं दूध मोजायला लागल्या.