एक सूर खाली

वाद्यवृंदात सगळे त्यांना मावशी म्हणत. एकतीस वर्षं रंगमंचामागच्या खोलीत बसून त्यांनी प्रत्येक वादकाचं नोटेशन हाताने उतरवलं. लग्न केलं नाही. सख्खा भाऊ होता, त्याचा फोन वर्षातून दोनदा. अक्षर मात्र असं, की व्हायोलिनवाले म्हणत, "मावशींचा कागद समोर असला की चूक आपलीच."

मग कॉम्प्युटर आला. पहिल्याच दिवशी मावशींनी आठ पानं भरली आणि छापील प्रत बघून कपाळाला हात लावला. जिथे जिथे एफ आणि सी हे सूर, तिथे तिथे शार्प, म्हणजे सूर अर्ध्याने चढवणारी खूण, रद्द करणारं चिन्ह! कागदावर ओळीच्या सुरुवातीला दोन शार्प काढले की झालं; पुढचे एफ, सी शार्पच समजायचे.

चेलोवाले काका डोकावले. "मावशी, याला मोघम चालत नाही. एफ म्हटलं की साधा एफ. शार्प हवा तर दर वेळी तसं सांगायचं. सुरुवातीची चिन्हं नुसती दाखवायला."

"म्हणजे नवऱ्यासारखाच की! तोंडाने सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही."

"तुम्हाला हो काय अनुभव?" काका खो खो हसले. मावशीही हसल्या, जरा उशिराने.

महिन्याभरात हात बसला. एका शनिवारी गायिकेचा घसा बसला, तसे संचालक दारातूनच म्हणाले, "अख्खं गाणं एक सूर खाली हवंय, मावशी. सोमवारी तालीम."

अशी वेळ पूर्वी एकदा आली होती. अठ्ठावीस जणांचे कागद नव्याने लिहायला अख्खा रविवार लागला. पाच वादक आपणहून थांबले. कोणी रेघा मारल्या, कोणी शाई टिपली, बासरीवालीने चहा सांडला म्हणून दोघे भांडले. संध्याकाळी बोटं काळी आणि हसून हसून पोटं दुखलेली.

आता मावशींनी दोनदा क्लिक केलं. गाणं डी पट्टीवरून सीवर उतरलं, दोन्ही शार्प गायब, एकही सूर चुकला नाही. अर्धं मिनिट.

रविवारी तरीही त्या खोलीवर आल्या. टेबल पुसलं. प्रती तीनदा तपासल्या. कोणी आलं नाही. येण्याचं कारणच नव्हतं.

सोमवारी त्या सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त काकांनी पान उलटताना दोन सूर गाळले. प्रोग्रामने ऐन धावत्या ओळीत पान तोडलं होतं! मावशी झटकन उठल्या, खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर विराम होता तिथे पान संपवलं आणि नवी प्रत गुपचूप काकांच्या स्टँडवर ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी पान अलगद उलटलं. काका शेजारणीला म्हणाले, "प्रोग्राम हुशार झाला बरं का!"

 निवृत्त होईपर्यंत मावशींनी एकही तालीम चुकवली नाही. त्याच रांगेत बसत, कोणाचं पान अडखळलं की मांडीवरच्या वहीत त्या पानाचा आकडा टिपून घेत.